सात बटणं, सात स्वर

पेटी वाजवता येणाऱ्या माणसाच्या हाती नोकिया ३३१० दिला, तर स्वतःची रिंगटोन बसवायला त्याला कुठलंही माहितीपुस्तक उघडावं लागत नाही. या फोनच्या ‘टोन्स’ या मेन्यूत ‘कंपोजर’ नावाची सोय आहे. तिथे १ दाबलं की पाश्चात्त्य सप्तकातला ‘सी’ उमटतो, २ वर ‘डी’, आणि असं करत करत ७ वर ‘बी’. हा ‘सी’ म्हणजे पेटीवरची पांढरी एक. तिथे षड्ज धरला की १ ते ७ ही बटणं सा रे ग म प ध नी होऊन ओळीनं समोर येतात. नोकियाच्या अभियंत्यांनी ही मांडणी आपल्या संगीतासाठी केलेली नव्हती, पण भजनी मंडळात पेटीवर बसणाऱ्याला ती पहिल्या मिनिटात उमगते.

उरलेली बटणंही वाया घालवलेली नाहीत. ८ दाबलं की शेवटचा स्वर आखूड होतो, ९ दाबलं की लांबतो. ० म्हणजे विराम. फुलीचं बटण सप्तक बदलतं आणि हॅशचं बटण स्वर अर्ध्या पायरीनं वर चढवतं. त्यामुळे तीव्र मध्यम हवा असेल तर ४ आणि हॅश. कोमल स्वरांसाठी मात्र थोडं डोकं वापरावं लागतं. या फोनला ‘उतरवणं’ माहीत नाही, फक्त ‘चढवणं’ माहीत आहे. म्हणून कोमल रिषभ लिहायचा तर षड्जाला चढवायचं (१, हॅश), कोमल गांधारासाठी रिषभाला (२, हॅश), कोमल धैवतासाठी पंचमाला आणि कोमल निषादासाठी धैवताला. ३ आणि ७ या बटणांवर हॅश चालतच नाही. पेटीकडे पाहिलं की कारण कळतं: शुद्ध गांधार आणि मध्यम यांच्यामध्ये काळी पट्टी नाही, निषाद आणि तार षड्ज यांच्यामध्येही नाही.

पहिला प्रयोग करायचा तर भूप घ्यावा. त्यात मध्यम आणि निषाद वर्ज्य आणि बाकीचे सगळे स्वर शुद्ध, म्हणजे हॅशच्या वाटेला जायला नको. ग रे ग प ध प ग रे सा एवढीच साधी स्वरावली घेऊ. बटणं होतात ३ २ ३ ५ ६ ५ ३ २ १. एवढं दाबून ‘प्ले’ केलं तर सगळे स्वर एकाच लांबीचे वाजतात आणि ऐकायला कोरडं वाटतं. आता पहिल्या गांधारानंतर ९ दाबा. पडद्यावर स्वराच्या आधी असलेला ४ चा आकडा २ होतो, म्हणजे स्वराची लांबी दुप्पट झाली. लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की फोन ही लांबी पुढच्या स्वरालाही चिकटवतो. म्हणून रिषभ दाबल्यावर लगेच ८ दाबून त्याला आखूड करायचं. धैवतानंतरचा पंचमही असाच लांबवा, शेवटच्या षड्जाआधी एक विराम टाका. ‘ऑप्शन्स’मध्ये ‘टेम्पो’ आहे, तिथे लय कमी करा. त्याच नऊ स्वरांना आता चाल येते. बटण जरा जास्त वेळ दाबून धरलं तर स्वरापुढे टिंब येतं आणि त्याची लांबी दीडपट होते. ठेका झुलता हवा असेल तर हे टिंब फार उपयोगी पडतं.

गाण्याची चाल अशी बटणांवर उतरवताना मींड सुटते, गमक सुटते, श्रुती सुटतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोयच नाही. नेमक्या याच कारणावरून पेटीवर टीका झाली होती आणि आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पर्यंत तिला दूर ठेवलं होतं. तरीही पेटी महाराष्ट्राच्या देवळांतून, नाटकांतून आणि घरांतून हलली नाही, कारण चालीचा सांगाडा ती अचूक धरते. रिंगटोन करणाऱ्याचं कामही तेच आहे. पूर्ण गाणं फोनमध्ये मावत नाही. त्यातलं काय ठेवलं तर ते गाणं ओळखू येईल, हे ठरवावं लागतं. फोन कोणत्याही काळातला असो, निवड हीच असते. बदलतं ते फक्त हत्यार.

या पहिल्या पिढीच्या फोनमध्ये आवाज निघतो तो एका बारीकशा बझरमधून. फोनमधली चिप बझरला मिळणारी वीज ठरावीक वेगानं चालू-बंद करते. सेकंदाला ४४० वेळा केलं की ‘ए’ हा स्वर ऐकू येतो, वेग वाढवला की स्वर चढतो. एका वेळी एकच स्वर वाजू शकतो, म्हणून याला मोनोफोनिक म्हणतात. तबल्याची साथ नाही, तानपुरा नाही, फक्त चाल.

धून स्वतः बसवण्याची सोय प्रथम आणली जपाननं. १९९६ मध्ये तिथे डेन्सो कंपनीचा डी३१९ हा फोन आला, त्यात वापरणाऱ्याला स्वतःची धून बसवता येत होती. पुढे १९९८ मध्ये लोकप्रिय गाण्यांची बटणं लिहून देणारं एक पुस्तक तिथे निघालं आणि त्याच्या ३५ लाखांवर प्रती खपल्या. नोकियाची जगभर ओळखीची झालेली धून त्याआधीची, १९९४ च्या २११० या फोनमधली. ती स्पेनचा गिटारवादक फ्रान्सिस्को तार्रेगा याच्या १९०२ सालच्या ‘ग्रान व्हाल्स’ या रचनेतून उचललेली आहे. नव्वद वर्षांपूर्वीच्या गिटारच्या रचनेतले मोजके स्वर घेतले आणि त्यावर एका कंपनीची ओळख उभी राहिली. निवड म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

ज्याला स्वर टाकत बसायचं नाही त्याच्यासाठी एसएमएसची वाट होती. फिनलंडमध्ये वेसा-मत्ती पानानेन यानं १९९८ मध्ये त्यासाठीची व्यवस्था तयार केली आणि रेडिओलिन्या या कंपनीनं एसएमएसवरून रिंगटोन विकायला सुरुवात केली. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात, म्हणजे ११२० बिट. नोकियाच्या पद्धतीत एक स्वर लिहायला १२ बिट लागत: हा स्वर आहे एवढं सांगायला तीन, कोणता स्वर ते सांगायला चार, लांबीसाठी तीन आणि टिंबासारख्या फरकासाठी दोन. धुनेचं नाव, लय आणि सप्तक यांची जागा वजा जाता एका संदेशात सत्तर-ऐंशी स्वर बसत. नको ते सगळं टाकून एवढ्या जागेत चाल बसवणाऱ्यांनी खरोखर कसबाचं काम केलं आहे. आपल्याकडे हीच धून काही रुपयांना एका एसएमएसवर मिळत असे आणि शाळा-कॉलेजातली मुलं ती मागवण्यासाठी रिचार्ज जपून वापरत. ती सेवा आता राहिलेली नाही. त्यामुळे ३३१० किंवा त्याच्या बरोबरीच्या, ब्लूटूथ नसलेल्या फोनवर नवी धून हवी असेल तर कंपोजर हाच रस्ता.

यानंतरची पिढी पॉलिफोनिक. नोकियानं ही सोय प्रथम २००२ च्या ३५१० मध्ये दिली. या फोनला मिडी नावाची फाइल चालते. मिडी फाइलमध्ये आवाज नसतो. कोणतं वाद्य, कोणता स्वर, कधी सुरू, कधी बंद, किती जोरात, एवढ्याच सूचना असतात आणि त्या वाचून आवाज फोन स्वतः तयार करतो. म्हणूनच ती फाइल अवघ्या काही केबींची असते आणि म्हणूनच एकच फाइल दोन फोनांवर वेगळी ऐकू येते. १९९१ मध्ये ठरलेल्या जनरल मिडी या मानकात १२८ वाद्यांना क्रमांक दिलेले आहेत. त्यात १०५ वर सतार आहे आणि ११२ वर सनई. तबला नाही, पेटीही नाही. पेटीच्या जवळ जाणारा आवाज हवा असेल तर २१ क्रमांकाचा रीड ऑर्गन घ्यावा, भजनाच्या चालीला तो बऱ्यापैकी शोभतो.

मिडी तयार करायला म्युझस्कोर हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. कॉम्प्युटरवर स्वर लिहायचे, वाद्य निवडायचं, मिडी म्हणून एक्सपोर्ट करायचं. काळजी एकाच गोष्टीची घ्यायची, ती म्हणजे एका क्षणी किती स्वर वाजणार याची. स्वस्तातले फोन एका वेळी चारच स्वर वाजवत, नंतरच्यांत ही संख्या १६, २४, ४०, ६४ अशी वाढत गेली. चार स्वरांच्या फोनला दहा स्वर दिले तर तो सहा गाळतो, आणि कदाचित नेमकी चालच गाळतो. म्हणून चाल, एक आधारस्वर आणि फार तर एक ठेका, एवढ्यावर थांबावं. सॅमसंग आणि एलजीच्या त्या काळातल्या अनेक फोनांना यामाहाची एमएमएफ फाइल लागे, सोनी एरिक्सनच्या जुन्या फोनांना आयमेलडी. फोन आपली फाइल उघडत नसेल तर तो बिघडलेला आहे असं मानण्याआधी त्याला कोणता प्रकार चालतो, हे पाहावं.

आता तिसरी पिढी, जिच्यात खरं गाणं वाजतं. बहुतेक घरांतल्या कपाटात आज जे जुने फोन आहेत ते याच पिढीचे, आणि बाजारात मिळणारे कीपॅडचे नवे फोनही याच जातीचे. इथे संगीताचं ज्ञान लागत नाही, कानाचं लागतं.

पहिला निर्णय तुकडा निवडण्याचा. आपल्याकडे मोबाइलची रिंग किती वेळ वाजावी हे दूरसंचार नियामक ‘ट्राय’नं ठरवून दिलेलं आहे. २०१९ च्या नोव्हेंबरमधल्या आदेशानुसार उत्तर आलं नाही तर रिंग ३० सेकंद वाजते. याचा अर्थ ३० सेकंदांपेक्षा मोठा तुकडा कापण्यात काही हशील नाही. आणि माणूस फोन उचलतो तो पाच-सात सेकंदांत. म्हणून वाद्यवृंदाची सुरुवात, आलाप, सगळं सोडून थेट ध्रुवपदाच्या ओळखीच्या जागी कात्री लावायची. लावणी असेल तर ढोलकीचा तोडा, अभंग असेल तर टाळकऱ्यांनी ओळ उचलून धरलेली जागा. पहिल्या सेकंदात ओळख पटली पाहिजे.

दुसरा निर्णय स्पीकर पाहून घ्यायचा. जुन्या फोनचा स्पीकर नखाएवढा. साधारण ३०० हर्ट्झच्या खालचे आवाज तो जवळजवळ देतच नाही. डग्ग्याचा घुमारा, मृदंगाची धूम, बेस गिटार, हे सगळं गाण्यात आहे म्हणून फोनमध्ये येईल असं समजू नये. तो आवाज ऐकू तर येत नाहीच, वर स्पीकरला फुकट हलवतो आणि बाकीचा आवाज फाटतो. याउलट टाळ, चिपळ्या, हलगी, तुतारी, सनई, ढोलकीच्या शाईच्या बाजूची टणटणीत थाप, बाईचा चढा आवाज, हे सगळं त्या इवल्या स्पीकरमधून बाजाराच्या गर्दीतही ऐकू येतं. रिंगटोनसाठी गाणं निवडताना आधी हा विचार केला तर अर्धं काम तिथेच होतं.

कापण्यासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ते सुरू केलं आणि २००० पासून ते सगळ्यांना खुलं आहे. गाणं उघडायचं, हवा तो भाग निवडून बाकीचा काढून टाकायचा. मग स्टीरिओचं मोनो करायचं, कारण फोनला स्पीकर एकच आहे. ‘हाय-पास फिल्टर’ लावून ३०० हर्ट्झच्या खालचं छाटायचं. कॉम्प्युटरच्या स्पीकरवर हे ऐकलं की गाणं बारीक, पोकळ वाटतं. घाबरू नका, फोनवर तेच ठणठणीत वाजतं. मग ‘कंप्रेसर’ लावून हळू आणि मोठ्या आवाजांमधलं अंतर कमी करायचं, ‘नॉर्मलाइझ’ करून एकूण आवाज वर आणायचा आणि शेवटच्या दोन सेकंदांना ‘फेड आउट’ द्यायचा. सुरुवातीला फेड देण्याचा मोह मात्र टाळा. रिंगटोनची सुरुवात ठसठशीतच हवी.

साठवताना एमपी३ निवडायचा. १२८ केबीपीएसला ३० सेकंदांचे साधारण ४८० केबी होतात. ‘कॉन्स्टंट’ बिटरेट घ्यावा, कारण बदलत्या बिटरेटच्या फाइलवर काही जुने फोन अडखळतात. गाण्याला चिकटलेलं अल्बमचं चित्र काढून टाकावं. फाइलचं नाव छोटं आणि इंग्रजी अक्षरांत ठेवावं, देवनागरी नाव अनेक जुन्या फोनांना वाचता येत नाही.

काही फोनांना एमपी३ रिंगटोन म्हणून चालत नाही. २००३ चा नोकिया ६६०० हा त्यातलाच, त्याला वॅव्ह किंवा एएमआर द्यावी लागते. एएमआर हा प्रकार मोबाइलवरच्या बोलण्यासाठी घडवलेला आहे. सेकंदाला ८००० नमुने आणि जास्तीत जास्त १२.२ केबीपीएस, त्यामुळे ३० सेकंद ४६ केबींत मावतात. किंमत अशी, की सुमारे ३४०० हर्ट्झच्या वरचं सगळं गळून जातं आणि टाळाची खणखण नुसती खरखर होते. गाण्यासाठी हा प्रकार वाईटच. माणसाच्या बोलण्यासाठी मात्र उत्तम. फोनच्या रेकॉर्डरवर नातवाला दोनदा “आजी, फोन घे ना गं!” म्हणायला लावा, तीच फाइल रिंगटोन म्हणून बसवा. ज्या आजीला गाण्याची रिंग टीव्हीतलीच वाटते, ती या हाकेला हमखास उठते. हा उपाय अनेक घरांत मी सुचवलेला आहे, आणि आजवर कुणी तो काढून टाकल्याचं ऐकलेलं नाही.

फाइल तयार झाली, आता ती फोनमध्ये पोचवायची. ब्लूटूथ असेल तर तेच सोपं. अँड्रॉइड फोनवरून फाइल ‘शेअर’ करून ब्लूटूथ निवडा, जुन्या फोनचं ब्लूटूथ चालू आणि ‘सगळ्यांना दिसेल’ असं ठेवा. कोड मागितला तर दोन्हीकडे सारखाच टाका, ०००० किंवा १२३४ चालतो. आयफोनवरून मात्र प्रयत्न करू नका. फाइल पाठवण्याची ही जुनी ब्लूटूथ पद्धत त्यात नाहीच. आलेली फाइल नोकियाच्या साध्या फोनांत गॅलरीत सापडते, ६६०० सारख्या फोनांत ती संदेश म्हणून इनबॉक्समध्ये येते आणि तिथून उघडून ठेवावी लागते.

मेमरी कार्डाची वाट याहून खात्रीची, फक्त कार्ड जुनं हवं. आज दुकानात मिळणारं ३२ जीबीचं कार्ड एसडीएचसी जातीचं असतं. जुने फोन साध्या एसडीचे, आणि त्या जातीची मर्यादा २ जीबी. म्हणून फोन ‘कार्ड नाही’ म्हणतो. तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्तीच्या ज्या दुकानांत पूर्वी कार्डात गाणी भरून मिळत, तिथे विचारलं तर ड्रॉवरमधून १ किंवा २ जीबीचं कार्ड अजूनही निघतं. कार्ड रीडरनं कॉम्प्युटरला जोडून फाइल ‘साउंड्स’ फोल्डरमध्ये टाकली की झालं.

इन्फ्रारेड आता क्वचितच कामी येतं. दोन्ही फोनांच्या काळ्या काचा समोरासमोर, मीटरभराच्या आत, उन्हापासून दूर ठेवायच्या आणि फाइल जाईपर्यंत हलवायचं नाही. दोन जुने फोन असतील आणि एकातली मिडी दुसऱ्यात घ्यायची असेल तर ही पद्धत छान चालते. एखादी धून पाठवण्याचा पर्यायच फोन देत नसेल तर ती विकत घेतलेली असण्याची शक्यता जास्त. कंपन्या अशा फाइलींना पुढे न पाठवता येण्याचं कुलूप लावत.

आपल्याजवळचं गाणं कापून आपल्याच फोनवर वाजवणं आणि तीच रिंगटोन करून विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला हक्कधारकाची परवानगी लागते. ‘फुकट रिंगटोन’ देणाऱ्या ॲपच्या नादी तर लागूच नये. एका धुनेसाठी ती तुमचे संपर्क आणि संदेश वाचण्याची परवानगी मागतात, आणि एवढं सगळं घरी करता येत असताना त्यांची गरजही नाही.

जुना फोन पुन्हा चालू करणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी तपासाव्यात. बॅटरी फुगलेली असेल तर चार्जिंगला लावू नका, नवी घ्या. आणि सिम निवडताना लक्षात ठेवा, की २जी फोनला जिओचं सिम चालणार नाही, कारण जिओचं जाळं ४जी आणि त्यापुढचंच आहे. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं सिम घ्या. आजचं नॅनो सिम जुन्या खाचेत बसवायला प्लास्टिकचा अडॅप्टर लागतो, तो दहा-वीस रुपयांत मिळतो.

एक विनंती मात्र आहे. कंपोजरमध्ये तुम्ही किंवा घरातल्या कुणी पूर्वी बसवलेली धून फोनमध्ये शिल्लक असेल, तर फोन विकण्याआधी, रिसेट करण्याआधी ती उघडून पाहा. बाकीची गाणी कुठेही पुन्हा मिळतील, ही मिळणार नाही. पडद्यावर दिसणारे स्वर, त्यांच्या आधीचे लांबीचे आकडे, नंतरचे सप्तकाचे आकडे आणि लय, एवढं वहीत उतरवून घ्या. वहीच्या एका पानात ते मावतं, आणि पेटीवर, मिडीत किंवा दुसऱ्या ३३१० वर पुन्हा वाजवायला तेवढं पुरतं.